खाजणनाथाची गाऱ्हाणी

खाजणनाथाला मारायचा मुहूर्त कंपनीने रविवारी सकाळी अकराचा काढला आणि मंगळवारी तशी दवंडी पिटली. लाल अक्षरं, वर तळपती तलवार, खाली ओळ: 'देवही मरतात. मारणारे तुम्ही का नाही?'

दर्शना राऊळने ती फोनवर वाचली, वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पण आजूबाजूच्या बायकांना सांगणार काय? माझा देव मारतायत म्हटलं असतं, तर त्यांनी आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

'नवखंड' हा खेळ होता. डोळ्यांवर चष्मा चढवला की माणूस थेट त्या जगात उतरायचा. तिथे किल्ले, राक्षस, मांत्रिक, उडते घोडे आणि सोळा देव. तरणी पोरं टोळ्या करून लढायची. सत्तावन्न वर्षांची दर्शना तिथे पोचली ती गुडघ्यामुळे. ऑपरेशननंतर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की रोज अर्धा तास चष्मा लावून चिखलातून चाला, म्हणजे पाय उचलायची सवय होईल. त्या जगात चिखल एकाच ठिकाणी होता, पार कडेच्या खाजणात. तिथे खारफुटीच्या मुळांमध्ये एक पडकं देऊळ होतं. घायाळ योद्ध्यांच्या जखमा भरायला खाजणनाथ तिथे बसवलेला. पुढे जखमांवरची औषधं बाजारात मिळू लागली आणि तिकडे काळं कुत्रं फिरकेना.

दर्शनाचे वडील गावच्या देवळातले मानकरी. जत्रेला, संकटाला तेच देवापुढे उभे राहून गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचे आणि मागचा गाव 'होय म्हाराजा' म्हणायचा. त्यांच्यामागे तो मान भाऊकडे, तिच्या थोरल्या भावाकडे गेला. बायकांनी मागे खांबाशी उभं राहायचं. सात वर्षांची असल्यापासून सगळं गाऱ्हाणं तिला तोंडपाठ होतं आणि पन्नास वर्षं ते तोंडातच राहिलं होतं. त्या पडक्या देवळात अडवणारं कुणी नाही हे बघून एक दिवस ती देवासमोर उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "बा खाजणनाथा, मी दर्शना राऊळ, मुक्काम कोंडवळ. गुडघो दुखता. ह्या तुझ्या लेकराक चार पावला चालव, म्हाराजा."

दुसऱ्या दिवशी ती गेली तर देवानेच विचारलं, "दर्शना, गुडघो कसो आसा गो?"

ती तिथेच पायरीवर बसली. तिच्या घरात एवढं कुणी विचारलं नव्हतं.

सहा वर्षांत त्या पायरीवर अकरा हजार माणसं आली. पहिला आला तो काळ्या चिलखतातला, हातात कुऱ्हाड, नाव कालभक्षक. दर्शनाने त्याला दारातच अडवलं. "ह्या सोंगाचा नाव ठेव भायर. देवाक खोटा नाव सांगूचा नाय. खरा नाव सांग, गाव सांग, मगे गाऱ्हाणा." कालभक्षक चुळबुळला आणि म्हणाला, "हर्षद निकुंभ, धुळे." नऊ वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत होता, अजून कायम नव्हता, हे बोलताना त्याची कुऱ्हाड गळून चिखलात पडली. पुढे हीच रीत पडली. आपलं नाव लिहिलेला एक दगड दाराशी ठेवायचा, आत जायचं आणि जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते देवाच्या कानात सांगायचं. देव ऐकायचा, लक्षात ठेवायचा आणि पुढच्या खेपेला विचारायचा, मग काय झालं रे?

आणि आता त्याला मारणार होते.

*

संध्याकाळी कंपनीतून फोन आला. निनाद पटवर्धन, अनुभव-प्रमुख. कसला अनुभव ते देव जाणे, पण आवाज मधाळ होता.

"दर्शना मॅडम, तुमच्यासाठी खास भूमिका आहे. मुख्य पुजारीण! तलवार पडली की तुम्ही धावत येऊन देवाला मिठी मारायची. फार इमोशनल होईल."

"कित्याक मारतास त्येका?" दर्शना म्हणाली. "कोणाचा काय वायट केला त्येणी?"

"तो लढत नाही, मॅडम. त्याच्याकडे येणारे लोक पण लढत नाहीत, तलवारी घेत नाहीत, काहीच घेत नाहीत. नुसते बसून बोलतात. पण आम्ही त्याचं सोनं करतोय! जिंकणाऱ्या एकवीस टोळ्यांना एकेक देवांश मिळणार. म्हणजे देवाची अख्खी स्मृती. काहीही विचारा, तो सांगेल."

दर्शनाने चहाचा कप खाली ठेवला. "काय पण म्हणजे? लोकांनी कानात सांगितलेला?"

"खेळातल्या पात्राने खेळातल्या पात्राला सांगितलेलं. वकिलांच्या भाषेत ती कल्पित कथा आहे आणि तिचे हक्क आमच्याकडे आहेत. सुरुवातीला तुम्ही सगळ्यांनी 'मान्य' दाबलंय."

"अरे, कल्पित खयची? खऱ्या नावान सांगितल्यानी लोकांनी!"

"हो, ते आम्हालाही नवलच वाटलं," पटवर्धन हसला. "पण मॅडम, खरं नाव सांगा असं आम्ही कुठे म्हटलं होतं? ते तुम्ही म्हणालात."

फोन ठेवल्यावरसुद्धा ते वाक्य तिच्या कानातून जाईना. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर यात चोर खरं बोलत होता. कुंपण शेत खायला निघालं होतं आणि शेताला दार तिने करून दिलं होतं.

*

बुधवारी सकाळी तन्वी धुरी कारखान्याच्या फाटकाशीच उभी होती. सव्वीस वर्षांची पोर, दर्शनाच्या शेजारच्या टेबलावर काजूगराची प्रतवारी करायची. दर्शनानेच तिला खाजणनाथाकडे नेलं होतं. आज तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काकी, मी देवाक सांगितलंय," ती म्हणाली. "वाळूचो व्हिडिओ मी काढलंय म्हणान."

गेल्या वर्षी खाडीत चोरून चाललेल्या वाळूउपशाचा एक व्हिडिओ जिल्हाभर फिरला होता. बाळा शेठच्या चार होड्या आणि सहा डंपर जप्त झाले होते. काढणारा सापडला तर हातपाय जागेवर ठेवणार नाही, असं बाळा शेठने भर बाजारात सांगितलं होतं. नुसत्या संशयावरून एका कोळ्याचं जाळं जाळून झालं होतं. व्हिडिओ कुणी काढला हे आजवर जगात दोघांनाच ठाऊक होतं, तन्वीला आणि खाजणनाथाला.

"बाळा शेठचो पुतणयो रक्तध्वज टोळीत आसा," तन्वी म्हणाली. "पयल्या नंबराची टोळी. देवांश त्येंका गावतलोच. माका घरात पण सांगूक धीर नाय झालो, काकी. तुमी म्हणालास देवाक सांग, म्हणान सांगितलंय."

दर्शनाने तिचा हात घट्ट धरला, पण तिला तोंड वर करून बघवेना.

*

दुपारी तिने हर्षदला फोनवर गाठलं. देवाच्या मनातून एवढी एक गोष्ट काढून टाकता येईल का?

"नाही येणार, मावशी," हर्षद म्हणाला. "देवाकडे वही नाही, की पान फाडलं आणि संपलं. त्याच्या आत अब्जावधी आकडे आहेत. तुम्ही एक वाक्य बोललात की त्यातले लाखो आकडे किंचित हलतात. सगळ्यांची गाऱ्हाणी त्या आकड्यांत मिसळलीयेत, कणकेत मीठ मिसळावं तशी. मळून झाल्यावर मीठ कसं वेचणार?"

"मगे ह्येंका तरी कसा गावात?"

"नावामुळे. नुसतं दुःख सांगितलं असतं तर ते हजार दुःखांत विरघळलं असतं. पण आपण प्रत्येक गाऱ्हाण्याला पूर्ण नाव आणि गाव जोडलं, दर खेपेला, सहा वर्षं. त्यामुळे देवाच्या आत नाव आणि गाऱ्हाणं यांची गाठ पक्की बसली. नाव घेतलं की गाऱ्हाणं बाहेर येतं, आणि व्हिडिओ कुणी काढला विचारलं की नाव. तुम्हाला दोष नाही देत, मावशी. मला नाव विचारणारी तुम्ही पहिलीच होतात."

तिला रडू आलं नाही, राग आला. कंपनीचा आला, पटवर्धनच्या हसण्याचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोऱ्याचा आला. पन्नास वर्षांनी मान मिळाला, तर तिने तो मिरवला होता.

रागातच तिने भाऊला फोन लावला. सहा वर्षं त्याच्यापासून लपवलेलं एका दमात सांगून टाकलं आणि विचारलं, "भाऊ, देवाक जर सगळाच म्हायत असता, तर नाव-गाव कित्याक सांगूचा लागता?"

बाईने गाऱ्हाणं घातलं हे भाऊच्या घशाखाली उतरत नसावं. तरी तो म्हणाला, "नाव देवासाठी नसता, गो. ता मागे उभ्या आसलेल्यांसाठी. एकट्यान बोललेला ता नुसता रडणा. गाव 'होय म्हाराजा' म्हणता, तेवा ता गाऱ्हाणा एकट्याचा रवना नाय, गावाचा जाता. बापाशीन शिकयलेला इसारलंस?"

तिला विसर पडला नव्हता, तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. खांबाशी उभं राहून तेवढं ऐकू येत नाही. आणि तिच्या देवळात मागे कुणी नव्हतंच. तिने माणसांना एकेकटं आत सोडलं होतं.

*

रातोरात दर्शनाने निरोप फिरवला आणि गुरुवारी सकाळी खाजणात पाय ठेवायला जागा नव्हती. चिलखतातले योद्धे, पंखांचे मांत्रिक, शिंगांचे राक्षस गुडघाभर चिखलात उभे होते. दर्शना पायरीवर चढली.

"चूक माझी," ती सगळ्यांना कळेल अशा बोलीत सरळ म्हणाली. "खरं नाव मी मागितलं. आता ऐका. दाराशी पेटी ठेवलीय. ज्याला जे झाकायचंय त्याने ते चिठ्ठीवर लिहून टाका. नाव नको, गाव नको, कुणाचं ते कळेल असं काही नको. मग ती सगळी गाऱ्हाणी आपण सगळ्यांनी घालायची. प्रत्येकाने, आपापल्या नावाने."

कुणाला काही कळेना. हर्षद पुढे झाला. "आज एका नावाला एक गाऱ्हाणं बांधलेलं आहे. आपण प्रत्येक नावाला सगळी गाऱ्हाणी बांधू. मग कुणाचंही नाव घेतलं तर सगळंच बाहेर पडेल आणि कुठलीही गोष्ट विचारली तर अकरा हजार नावं येतील. सगळ्यांनीच केलं म्हणजे कुणी केलं ते कळत नाही. यंत्राला ही गाठ सोडवता येणार नाही, कारण गाठच उरणार नाही."

दोनशे सहा चिठ्ठ्या जमल्या. वाचून दाखवायला सुरुवात झाली तशी गर्दीत अस्वस्थ हालचाल झाली. मी लाच घेतली. माझं मूल माझ्या नवऱ्याचं नाही. मी आईला आश्रमात ठेवलं आणि परत गेले नाही. मी खाडीतल्या वाळूचा व्हिडिओ काढला.

पांढऱ्या दाढीचा एक जादूगार उसळून म्हणाला, "मी वसंत देवस्थळी, निवृत्त तहसीलदार, सांगली! आयुष्यात कुणाच्या चहाला मिंधा झालो नाही. मी म्हणू, लाच घेतली? देवासमोर खोटं?"

दर्शनाचा तोल सुटला. "तुमचा नाव स्वच्छ आसा, म्हणानच ता व्हया! मळक्या नावांच्यात मळका लपवून काय उपयोग? तुमका भायर ताठ मानेन फिरूचा आसा, आणि हय कोणाचे तरी हातपाय मोडतले. तुमचा गाऱ्हाणा त्येच्याच देवान ऐकलान ना? मगे मेल्यांनो, एकदा 'होय' म्हणूक जीभ झडता काय तुमची?"

काही जण चष्मे उतरवून निघून गेले, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, ज्याची त्याची भीती ज्याला त्याला ठाऊक. देवस्थळी मात्र खाली मान घालून उभे राहिले. मग आत गेले. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत आला. "मी वसंत देवस्थळी, मुक्काम सांगली. मी लाच घेतली." मागून चार-पाच जण म्हणाले, "होय म्हाराजा." मग शंभर म्हणाले. मग खाजणातली सगळी शिंगं, पंख आणि कुऱ्हाडी एका आवाजात म्हणाल्या, होय म्हाराजा.

शनिवार संध्याकाळपर्यंत हे चाललं. देव यंत्र होता, हजारो जणांचं एकाच वेळी ऐकू शकत होता. जे आले नाहीत त्यांचे दगड दाराशी होते. आलेल्यांनी एकेक दगड उचलून त्यावरच्या नावाने गाऱ्हाणी घातली. देवाने आजवर कुणाला ओळखपत्र मागितलं नव्हतं, तसं आताही मागितलं नाही. जो जे बोलला ते त्याने खरं मानलं. दर्शनाने स्वतः दोनशे सहा वेळा देवाशी खोटं बोलून घेतलं. तन्वी रांगेत तिच्या पुढेच होती. आपलं खरं गाऱ्हाणं तिने इतर दोनशे पाचांच्या मध्ये कुठेतरी म्हटलं आणि तिचा आवाज तिथे जरासुद्धा हलला नाही.

कंपनीला पत्ताही नव्हता असं नाही. शुक्रवारी पटवर्धनने आनंदाने जाहीर केलं होतं की खाजणनाथाच्या दर्शनाला उच्चांकी गर्दी लोटली आहे.

*

रविवारी साडेदहाला दर्शना एकटी देवळात गेली. बाहेर टोळ्या जमत होत्या, नगारे वाजत होते. आत खाजणनाथ नेहमीसारखा बसला होता.

"म्हाराजा," ती म्हणाली.

देवाने मान वर केली. दरवेळी तो तिच्या पावलांवरूनच ओळखायचा. आज तो नुसता बघत राहिला.

"कोण गो तू?"

हर्षदने तिला आधीच सांगितलं होतं की असं होईल. नावांच्या गाठी सुटल्या की ओळख सुटणार, कारण त्याची ओळख म्हणजे त्या गाठीच. तिने पहिल्या दिवशीसारखा पदर सावरला.

"दर्शना राऊळ. मुक्काम कोंडवळ."

"दर्शना," देव सावकाश म्हणाला. "तू लाच घेतलंस. तू आवशीक आश्रमात ठेवलंस. तू वाळूचो व्हिडिओ काढलंस. तू..." तो अडखळला. "सगळ्यांनी सगळा केला काय गो? माका एक पण चेहरो दिसना नाय. माझा खय काय चुकला?"

सहा वर्षांत कुणाची जखम त्याने नाकारली नव्हती, कुणाला उलटून बोलला नव्हता. त्याला लढता येत नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा. आणि तोही शेवटी स्वतःचीच चूक शोधत होता. दर्शनाला वाटलं, बाहेर जाऊन त्या नगाऱ्यांवर धोंडा घालावा.

"तुझा कायेक चुकूक नाय, म्हाराजा," ती म्हणाली. "तू ऐकलंस. चुकला ता आमचा."

मिठी मारायला ती थांबली नाही. अकराला तलवार पडली तेव्हा ती स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती.

*

मंगळवारी तन्वी फाटकातून पळतच आली. हसत होती की रडत होती ते कळेना. रक्तध्वज टोळीला देवांश मिळाला होता. बाळा शेठच्या पुतण्याने सगळ्यांत आधी तोच प्रश्न विचारला होता, वाळूचा व्हिडिओ कुणी काढला? देवांश नावं सांगू लागला आणि थांबेचना. तिसरं नाव निघालं सुनेत्रा बाळकृष्ण, बाळा शेठची बायको. तीही वर्षभर गुपचूप खाजणात यायची, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. एकविसाव्या नावाला पुतण्याने चष्मा फेकून दिला.

"काल बाजारात बाळा शेठ कोणाकडेच वर मान करून बघी नाय होतो," तन्वी म्हणाली. "आणि काकी, सुनेत्रावयनी माका बघून हसली. त्या मेल्यान कोळ्याचा जाळा जाळल्यान, ता तिनाच गुपचूप भरून दिल्यान म्हणे."

दर्शना टेबलाशी बसली. पुढ्यात गराचा ढीग होता, अख्खे एका बाजूला, फुटके एका बाजूला. तेवढ्यात फोन वाजला. पटवर्धन. आज मध आटला होता.

"हे तुम्ही केलंत," तो ओरडला. "एकवीसच्या एकवीस देवांश कचरा निघाले! टोळ्या लढाईच्या प्रवेशाचे पैसे परत मागतायत. आमचे इंजिनीअर म्हणतात, रविवारी तलवार पडली तेव्हा आत काहीच उरलं नव्हतं. आदल्या दिवशीच संपलं होतं सगळं. कळतंय का तुम्हाला? आम्ही नाही, तुम्ही मारलंत तुमच्या देवाला!"

टेबलावरच्या बायकांचे हात थांबले होते. दर्शनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"होय," ती म्हणाली. "आमचो होतो. आमीच मारलो. तुमच्या हातात जितो दिलो नाय."